मैफल आणि तिची फीत

एकाच मैफलीच्या दोन प्रती सध्या मजजवळ आहेत. मैफल गेल्या कोजागिरीची, औरंगपुऱ्यातील एका जुन्या घराच्या गच्चीवर झालेली. गाणारे बुवा सत्तरी ओलांडलेले; जन्मभर शिकवण्या करून गाणे जगविलेले. पेटी त्यांना चालत नाही. एक तंबोरा आणि तबला, एवढीच साथ. दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही हा नियम ठाऊक असल्याने यजमानांनी तो आणलाच नव्हता. पन्नास-साठ माणसे, मसाल्याचे दूध आणि बागेश्री. आमच्याच शाळेतून गेलेला एक विद्यार्थी पुण्यास ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेतो. त्याने बुवांपासून तीन पावलांवर दोन माइक उभे केले आणि सगळी बैठक आपल्या यंत्रात उतरवून घेतली.

आठवड्याने त्याने दोन फिती पाठविल्या. (आता फीत कसली, चिमटीत मावणारा एक तुकडा असतो, पण माझ्या पिढीची जीभ फीतच म्हणते.) एकीवर लिहिले होते ‘तशीच’ आणि दुसरीवर ‘स्वच्छ’. दिवाळी अंकासाठी काही लिहा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा एखाद्या नव्या पुस्तकावर लिहावे असे मनात होते. परंतु महिनाभर या दोन फितींनी मला दुसरे काही सुचू दिलेले नाही. तेव्हा यंदा परीक्षण पुस्तकाचे नव्हे, फितींचे. मी मॅट्रिकपुढे न शिकलेला चित्रकलेचा मास्तर, वेळ मिळेल तशा कादंबऱ्या लिहिणारा. संगीतातला माझा अधिकार पुढच्या रांगेतल्या सतरंजीइतकाच, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावे.

ज्या गावात आम्ही राहतो तिथून देवगिरीचा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे म्हणावयास हरकत नाही. तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो इथेच. सात अध्यायांच्या त्या ग्रंथात स्वर आहेत, राग आहेत, ताल आहेत, वाद्ये आहेत, नृत्य आहे. एवढेच नव्हे, तर गायकाचे पंचवीस दोषही मोजून दिलेले आहेत. गाताना सूत्कार करणारा, कावळ्यासारखा ओरडणारा, भीत भीत गाणारा, डोळे मिटून घेणारा, नाकात गाणारा! यादी वाचताना आपल्या ओळखीचे तीन-चार गवई डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाहीत. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी या माणसाने गाणे किती बारकाईने ऐकले असेल! पण त्याने जे ऐकले त्यातला एक स्वरही आपल्यापाशी नाही. किल्ला आहे, ग्रंथ आहे, आवाज गेला.

इतके दूर कशाला जा? भास्करबुवा बखले 1922 साली गेले. भारतात तबकड्यांचे ध्वनिमुद्रण 1902 सालीच सुरू झाले होते; कलकत्त्यात गौहरजानचे गाणे कर्ण्यापुढे घेतले गेले होते. म्हणजे मध्ये वीस वर्षे होती. तरी भास्करबुवांची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याला लाभलेली नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी लिहून ठेवले, शिष्यांनी सांगितले, त्यावर आपण मान डोलावतो. अल्लादियाखाँसाहेब तर 1946 पर्यंत होते. पण त्यांनी आपले गाणे यंत्राला दिले नाही. त्यांच्या या नकाराला मी पूर्वी हट्ट म्हणत असे. आता म्हणताना जीभ अडखळते. तीन-सव्वातीन मिनिटांत गुंडाळलेले गाणे हेच आपले गाणे म्हणून पुढच्यांनी ऐकावे, हे त्यांना मानवले नसेल तर त्यांचे काय चुकले?

त्या तीन मिनिटांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या तबकड्या आजही अंगावर काटा आणतात. त्यांत आलाप, बोल, तान, सगळे एका चिमटीत धरलेले असते. ती एक स्वतंत्र कला झाली, ती मैफल नव्हे. चौकट लहान असली की चित्रकार रेषा जपून ओढतो, तसा हा प्रकार. केसरबाई केरकरांची अशीच साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात बाईही गेल्या. परग्रहावर कोणी ऐकणारा असलाच, तर केसरबाई मैफलीत एक बंदिश किती विस्ताराने मांडत, हे त्याला कोण सांगणार?

पुढे लाँगप्ले आली, मग कॅसेट आली, आणि मैफल सबंध धरता येईल अशी आशा उत्पन्न झाली. या ठिकाणी मला माझे पाप सांगितले पाहिजे. 1997 साली मी सतरा वर्षांचा होतो आणि एका लाउडस्पीकरवाल्याच्या दुकानात सुट्टीत हाताखाली काम करीत असे. आज सत्तरीत असलेल्या या बुवांचे गुरुजी त्या वर्षी आमच्या गावी गायले. मालकाने मला टेपरेकॉर्डरपाशी बसविले आणि नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटी हातात दिल्या. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे. ‘फुकट घालवू नकोस,’ एवढीच सूचना. मी अक्षरशः पाळली. तंबोरे जुळू लागले की बटण दाबून फीत थांबवायची. गुरुजी बोलू लागले की थांबवायची. टाळ्या आल्या की थांबवायची. त्या रात्री गुरुजींनी एका बंदिशीची हकीकत सांगितली, ती कोणाकडून आणि कशी मिळाली याची. लोक हसत होते, मीही हसत होतो. बोट मात्र बटणावर होते. पुढे चार वर्षांनी गुरुजी वारले. बुवा एकदा माझ्या घरी आले आणि म्हणाले, ‘मास्तर, त्या बंदिशीबद्दल गुरुजी काय बोलले ते नीट आठवत नाही. तुमच्या कॅसेटीत असेल.’ मी कॅसेट लावली. बंदिश संपते, खट् असा आवाज होतो, दुसरी सुरू होते. बुवांनी तो खट् तीनदा मागे नेऊन ऐकला. मला काही बोलले नाहीत.

तर आता या दोन फिती. ‘स्वच्छ’ आधी ऐकली. तंबोरा जुळविण्याची सहा मिनिटे गायब; पहिल्या क्षणाला षड्ज जुळून तयार. खोकला नाही, दुधाच्या पेल्यांचा आवाज नाही, कोणाची ‘वाहवा’ नाही. आवाजाभोवती एक घुमारा घातलेला, जणू बुवा औरंगपुऱ्याच्या गच्चीवर नसून वेरूळच्या एखाद्या लेण्यात बसले आहेत. आजकाल बाजारात येणाऱ्या बहुतेक ‘लाइव्ह’ मुद्रणांची हीच तऱ्हा असते. मोठ्या सभागृहात तर मिक्सरमधून सरळ तार घेतात; मिक्सरला तेवढेच कळते जेवढे माइकने त्याला सांगितले. श्रोते त्यात नसतात, सभागृह नसते. मग नंतर टाळ्या आणि घुमारा वरून शिंपडायचे. कोथिंबीर वरून घालावी तसे.

या फितीत मला एक गोष्ट खटकली. विलंबितात बुवा तार षड्जाकडे चढतात, तो लागतो, छान लागतो. आणि मग अकारण एकदम मंद्रात उतरून पुन्हा पहिल्यापासून पायऱ्या चढतात. दुसऱ्यांदा तोच षड्ज. मला वाटले, वय झाले. बुवांना पुढे सुचले नाही, म्हणून केलेलेच पुन्हा केले. मी तसे वहीत टिपूनही ठेवले: ‘पुनरुक्ती.’

मग ‘तशीच’ ऐकली. इथे पहिला तार षड्ज लागतच नाही. तंबोऱ्याशी तो खडा टाकल्यासारखा बोचतो, किंचित चढा. बुवा थांबतात. दोन क्षण नुसता तंबोरा. मग बुवांचे हसणे, आणि मागे बसलेल्या मुलीला हळूच शब्द: ‘जोड बघ गं.’ खुंटीची कुरकुर, तार वर येते, जुळते. कोणी तरी ‘हां!’ म्हणते. त्यानंतर बुवा मंद्रात जातात, आणि तिथून अशा सावकाशीने चढतात की आपला श्वास त्यांच्या हाती राहतो. षड्ज लागतो तेव्हा ती गच्ची एका आवाजाने दाद देते. मी ज्याला पुनरुक्ती म्हटले, ती त्या बैठकीतली सर्वांत मोठी जागा होती!

बुवा चढे लागलेच नव्हते. खुंटी सरकून तंबोऱ्याची जोड उतरली होती. बुवांचा षड्ज कायम होता. खाली गेली होती ती तार. आणि आमच्या विद्यार्थ्याने काय केले? संगणकावर तंबोरा प्रमाण मानून त्याने बुवांचा स्वर तेवढाच खाली ओढला. गाणाऱ्या बरोबर माणसाला उतरलेल्या तारेशी जुळवून दिले.

मी त्याला बोलावून घेतले. पोरगा हुशार आहे, वाद घालतो. म्हणाला, ‘सर, ऐकणाऱ्याला बोचतं ना ते. पुस्तकात मुद्रणदोष राहिला तर तुम्ही दुरुस्त करता की नाही?’ प्रश्न सोपा नव्हे. मी म्हटले, करतो. पण लेखकाने खोडलेला शब्द त्याच्या हस्तलिखितातून नाहीसा करीत नाही. त्यावर तो म्हणाला, ‘पण बुवांनीच सांगितलं. नातवंडांना पाठवायचंय, नीट करून दे म्हणाले.’ यावर मजपाशी उत्तर नव्हते. गाणे बुवांचे, आवाज बुवांचा. अल्लादियाखाँसाहेबांना नाही म्हणण्याचा हक्क होता, तर बुवांना आपला खोकला काढून टाकण्याचा का नसावा? टीकाकाराने तिथे कोणत्या तोंडाने आड यावे?

एक आणखी विचार मनात येतो. ध्वनिक्षेपकावरील निर्बंध 2000 साली आले. तेव्हापासून रात्रभर चालणाऱ्या उघड्या मंडपातील बैठका संपत गेल्या. 1953 पासून चालत आलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही आपली रात्र सोडून द्यावी लागली. म्हाताऱ्या माणसांना आणि परीक्षेच्या पोरांना झोप मिळाली, ते योग्यच झाले. पण उत्तररात्रीचे मालकंस आणि पहाटेचे ललत त्यांच्या त्यांच्या वेळेला आता बहुतेकांना ऐकायला मिळतात ते जुन्या फितींतच. त्या फितींत पहाटेचा कोंबडा आरवतो, चहावाल्याचे कप वाजतात. उद्या कोणी त्या ‘स्वच्छ’ करू लागला, तर ललतातून पहाटच काढून टाकील.

शेवटी आम्ही दोघे बुवांकडे गेलो. मुलाने आपले कानांवर चढवायचे यंत्र बुवांच्या पांढऱ्या केसांवर नीट बसविले आणि ‘तशीच’ लावली. बुवा डोळे मिटून ऐकत होते. शार्ङ्गदेवाच्या यादीतला तो दोष त्यांना जन्मभर आहे. तार षड्जाची जागा आली तसे त्यांचे बोट वर गेले. ‘जोड उतरली होती,’ ते म्हणाले. ‘तेव्हाच कळलं होतं मला.’ मग मुलाने भीत भीत दुसरी लावली. बुवांनी ती जागा ऐकली, पुन्हा लावायला सांगितली, आणि यंत्र कानांवरून काढून मांडीवर ठेवले.

‘अरे, हा मी नव्हे,’ ते म्हणाले. ‘हा कोणी उतरलेला माणूस आहे.’

मुलगा खाली मान घालून बसला होता. बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तंबोरा जुळवतानाची सहा मिनिटे परत घालावयाची ठरले, ‘जोड बघ गं’ परत घालावयाचे ठरले, दादही. मी म्हटले, मग खोकलाही राहू द्या.

‘खोकला काढ,’ बुवा मुलाकडे वळून म्हणाले. ‘मास्तरांचं ऐकू नकोस. त्यांनी माझ्या गुरुजींचं बोलणं कापलंय.’