उजवा कौल आणि तीन नाणी

कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे आणि उजवी पाकळी पडली की मंडळी लग्न ठरवायला मोकळी! डावी पडली तरी तोही निकालच. आमच्या श्रीपुरात असे सुख नाही. इथे कारखान्याचा भोंगा तेवढा नेमाने बोलतो.

म्हणूनच की काय, 'यी चिंग' हा प्राचीन चिनी ग्रंथ हाती पडला तेव्हा मी हरखलो. रिचर्ड विल्हेल्म यांच्या जर्मन भाषांतरावरून झालेली ही १९५० ची इंग्रजी आवृत्ती मी शब्दकोश उशाशी घेऊन वाचली. रीत सोपी आहे. मनात प्रश्न धरून तीन नाणी सहा वेळा उडवायची. दर वेळी एक अखंड वा तुटक रेघ मिळते, ती खालून वर मांडायची. अशा आकृत्या ६४, आणि प्रत्येकीखाली काही गूढ वचने.

वचने सुंदर आहेत, पण सैलही. उसन्या अंगरख्यासारखी कोणाच्याही अंगाला बसतात. प्रस्तावनाकार युंग यांनी तर ग्रंथालाच त्याच्याविषयी विचारले. पन्नासावी आकृती आली, हंड्याची. आपण पौष्टिक अन्नाने भरलेला हंडा आहोत असे ग्रंथ सांगतो आहे, असा अर्थ त्यांनी लावला. आमच्या वर्गात स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासणाऱ्या पोराला इतके गुण कोणी दिले नसते!

तरीही मी नाणी उडवली. माझ्या नव्या कादंबरीत थोरल्या भावाने जमीन विकल्याचे प्रकरण आहे. ते छापावे का? उत्तर रुचले नाही, म्हणून पुन्हा उडवली. मग पाने चाळताना चौथी आकृती दिसली, अजाण शिष्याची. पहिल्यांदा विचारशील तर सांगेन, पुन्हा पुन्हा विचारशील तर नाही, अशा अर्थाचे तिथे गुरूचे बोलणे आहे. वीस वर्षे हेच पोरांना सुनावणारा मी मास्तर. कान माझेच तापले.

या ग्रंथाचे बळ उत्तरात नाही. प्रश्न शब्दांत मांडायला तो लावतो. कागदावर लिहिताना मला कळले की मला सल्ला नको होता, परवानगी हवी होती. पण नाणी एकांतात पडतात, तिथे लबाडी खपते. कौलाचे गाऱ्हाणे चारचौघांत होते. डावी पडली म्हणून गुपचूप दुसरी पाकळी लावता येत नाही.

भाऊबीजेला दादा बहिणीकडे येणार आहे. मीही जाणार आहे, आणि ते प्रकरण पिशवीत घेतले आहे.