दुष्काळाची आठवण : कोणाची?

आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत भुकेने आणि तापाने सुमारे दहा लाख माणसे मेली. जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. शंभर वर्षांनी, १९४५ साली, तिथल्या लोकसाहित्य आयोगाने खेडोपाडी प्रश्नावली पाठवली आणि म्हाताऱ्यांनी वाडवडिलांकडून ऐकलेल्या आठवणी लिहून घेतल्या. आयोगाकडे जमलेल्या अशा आठवणींची निवड काहल पोर्टेर यांनी १९९५ साली 'फॅमिन एकोज' या पुस्तकात छापली.

पुस्तक मोलाचे आहे. सरकारी अहवालात मेलेल्यांचे आकडे सापडतात. इथे तळ उघडणारी शवपेटी भेटते. प्रेत खड्ड्यात सोडायचे आणि तीच पेटी पुढच्या प्रेतासाठी परत न्यायची.

परंतु लोकांच्या तोंडून आले म्हणजे सगळ्या लोकांचे आले, असे मानून चालणार नाही. कित्येक आठवणींचा सूर असा, की आमच्या गावात फारसे कोणी मेले नाही. मेले ते पलीकडच्या गावात. याचा अर्थ काय? सर्वांत जास्त मेले ते भूमिहीन मजूर आणि तुकडाभर जमिनीवर बटाटा पिकवणारे. त्यांची कुटुंबेच्या कुटुंबे संपली, नाहीतर परागंदा झाली. १९४५ साली उत्तर द्यायला उरली ती मुख्यतः वाचलेल्यांची मुलेनातवंडे. इतिहासकार कॉर्मक ओ ग्राडा यांनीही या मर्यादेवर बोट ठेवले आहे.

वाचलेल्यांच्या स्मृतीला लाज असते, तसे हितसंबंधही असतात. धर्म बदलण्याच्या अटीवर मिळालेले सूप ज्यांनी घेतले, त्यांच्या घराण्यांना 'सूपवाले' ही शिवी पिढ्यान्‌पिढ्या चिकटली. १८४७ च्या कायद्याने पाव एकराहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून, अधिक जमीन कसणाऱ्या कुळाला ती सोडल्याखेरीज मदत नाकारली. सुटलेली जमीन जमीनदाराकडे गेली. काही ठिकाणी ती शेजाऱ्याने बळकावली. अशा शेजाऱ्यांनाही आठवणींत शाप आहेत, हे खरे. पण शापाने शेत परत मिळत नाही. ते नातवाच्या नावावर राहते, आणि आठवण विचारायला आलेला माणूस त्याच नातवाच्या दारातही जातो.

'लोक' हा शब्द एकसंध नाही. त्याच्या पोटात शेतवाला आहे आणि भूमिहीनही आहे. म्हणून लोकस्मृती वाचताना समीक्षकाने विचारलेच पाहिजे : हे कोण सांगते आहे, आणि सांगायला कोण उरले नाही?