लढवय्यांचा भात कोण शिजवतो?

अवकाशयुद्धाचा व्हिडिओ गेम म्हटला की त्यात एखादी लढवय्या परग्रही जमात हवीच. तिचा साचाही ठरलेला असतो: धिप्पाड देह, घोगरा आवाज, कुळाचा कडवा अभिमान आणि मरण यावं तर रणातच यावं ही आस. १९९० सालच्या 'विंग कमांडर'मधले मार्जारमुखी किलराथी शत्रू म्हणून झकास होते. पण त्यांच्या ग्रहावर नांगर कोण धरतं, हा प्रश्न खेळणाऱ्याला पडू नये अशीच त्या गेमची बांधणी होती. 'वॉरहॅमर ४०,०००'मधल्या ऑर्कांना तर मारामारी हीच मौज. १९८७पासून ते टेबलावर धुडगूस घालत आहेत, २००४च्या 'डॉन ऑफ वॉर'मध्ये संगणकावरही. ते निदान उघड विडंबन आहे, म्हणून चालून जातं.

क्लिंगॉनांची गोष्ट वेगळी. 'स्टार ट्रेक'मधल्या या योद्ध्यांसाठी मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञाने भाषा रचली आणि १९८५मध्ये तिचा शब्दकोशही काढला. १९९६च्या 'स्टार ट्रेक: क्लिंगॉन' या सीडीवरच्या गेममध्ये आपण पोक नावाच्या क्लिंगॉन तरुणाच्या जागी असतो. बापाच्या खुनाचा माग काढायचा, तोही क्लिंगॉनांच्या रीतीने. कुठे गुरगुरायचं आणि कुठे गप्प बसायचं, हेच इथलं कौशल्य. शत्रूचे शिष्टाचार शिकायला लावणारा गेम ही तेव्हा धाडसाचीच गोष्ट होती. तरी या संस्कृतीत खून, सूड, मेजवानी आणि शपथ एवढंच आहे. लग्नात मानपानावरून रुसलेला मामा तिथेही असेलच की. तो कधी दिसत नाही.

लढवय्यांच्या रोजच्या जगण्याबाबत आमच्या चिंचणी गावाला सांगण्यासारखं काही आहे. इथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा. त्यात संयानमंडलाचा, म्हणजे आजच्या संजाण परिसराचा, कारभार पाहणारा अधिकारी ताजिक आहे. ताजिक म्हणजे अरब. त्याचं नाव मधुमती. अभ्यासक ते महंमद या नावाचं संस्कृत रूप मानतात. त्याने किनाऱ्यावरच्या बंदरांचे नायक राजासाठी जिंकले, हे ताम्रपट सांगतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नाव चालू केली आणि संयानात अन्नछत्र घातलं, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. शिवाय देवीच्या मठिकेसाठी दिलेल्या दानाला त्याची संमती होती.

याच ताजिकांचं दुसरं चित्र जवळच्या नवसारीच्या ताम्रपटात आहे, सुमारे इ.स. ७३९चं. तिथे ते सिंध, कच्छ, सौराष्ट्र तुडवत आलेलं सैन्य आहेत आणि चालुक्य पुलकेशीने त्यांना रोखलं, हा त्याचा पराक्रम. दोन्ही पट आपापल्या जागी खरे असतील. मधल्या जवळजवळ दोनशे वर्षांत तलवारवाल्यांचे नाववाले आणि भातवाले झाले. बहुतेक गेम मात्र नवसारीच्या पटापाशीच अडकलेले आहेत.

तिथून पुढे सरकलेला गेम म्हणजे बायोवेअरचा 'मास इफेक्ट' (२००७). त्यातले क्रोगन टुचांका ग्रहावरचे. आपापसांतल्या अणुयुद्धाने त्यांनी आपलाच ग्रह भाजून काढलेला. हुशार सॅलेरियनांनी त्यांना वर काढलं, तंत्रज्ञान दिलं, ते रॅक्नाय नावाच्या शत्रूशी लढवण्यासाठी. लढाई जिंकली, क्रोगनांची संख्या वाढली, त्यांनी बंड केलं. मग त्यांच्यावर जेनोफेज सोडला. हजारातलं एखादंच मूल जगावं असा हा जनुकीय आजार बनवला सॅलेरियनांनी आणि वापरला टुरियन या तिसऱ्या जमातीने.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटायला हरकत नाही. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पुढे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत बळावला. शौर्य रक्तातच असतं आणि ते उत्तरेकडच्या काही जातींत असतं, असं ठरलं. १८९२च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. निवृत्त महार सैनिक गोपाळ बाबा वलंगकरांनी १८९४मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. महार रेजिमेंट उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धात गरज पडल्यावर, १९४१ साली. कोण लढवय्या आणि कोण नाही, हे ठरवणारा नेहमी दुसराच कोणी असतो. क्रोगनांच्या कथेत हा 'दुसरा' समोर येऊन बोलतो. जेनोफेज अद्ययावत करणारा मॉर्डिन हा सॅलेरियन शास्त्रज्ञ आधी आकडेमोडीने स्वतःचं समर्थन करतो, मग टुचांकावरच्या प्रयोगशाळेत एका क्रोगन स्त्रीचं प्रेत पाहून हेलावतो. २०१२च्या तिसऱ्या भागात उपचार द्यायचा, की सॅलेरियनांची मदत मिळावी म्हणून क्रोगनांना फसवायचं, हे ठरवणं आपल्यावर येतं. लढवय्या जमातीवरची यापेक्षा चांगली गोष्ट या माध्यमात मी पाहिलेली नाही.

'स्टारक्राफ्ट'मधल्या (१९९८) प्रोटॉस या परग्रही लढवय्यांत तर कारभारी, योद्धे आणि कष्टकरी अशा जन्मजात जाती आहेत. कष्टकऱ्यांचं तोंडही क्वचित दिसतं. परदेशी समीक्षकांना त्यात भव्यता दिसते. मला मात्र त्यात गावकुसाबाहेर कोण राहतं, हे शोधावंसं वाटतं, आणि खरोखरच डार्क टेम्पलर हा त्यांच्यातलाच एक गट हाकलून दिलेला निघतो.

आता आपल्याकडचं. पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४मध्ये आला. विरलोक ही त्याची रणभूमी यक्षांच्या प्राचीन संस्कृतीशी जोडलेली. खांब, कमानी आणि रंग पाहून डोळे निवतात. सगळ्यांना संपवून किंवा कॉस्मियम ही मोलाची वस्तू ताब्यात घेऊन डाव जिंकता येतो. शेवटी उरेल तो जिंकला, या बॅटल रॉयलच्या ठरीव चाकोरीत ही चांगली भर आहे. पण यक्ष स्वतः कुठे आहेत? त्यांच्या वास्तूंच्या आडोशाने आपण एकमेकांवर गोळ्या झाडतो आणि वीसेक मिनिटांत बाहेर पडतो. छोट्या-छोट्या डावांवर चालणाऱ्या फुकट मोबाइल गेमकडून जास्त मागणं अन्याय आहे, हे मान्य. तरी पोशाख विकायला जेवढी कल्पकता खर्ची पडते तिच्यातली थोडी यक्षांच्या एखाद्या अन्नछत्रावर, एखाद्या नावेवर खर्चायला काय हरकत होती? अशा मजकुराचा तोटा पुण्याला तरी नाही. ताम्रपटांची वाचनं छापून कधीचीच उपलब्ध आहेत.