स्वयंचलित अणुशोषण उपकरण आणि मातीचा नमुना

अणुशोषण वर्णपटमापनाने मूलद्रव्ये मोजण्याची रीत अ‍ॅलन वॉल्श यांनी 1955 साली ऑस्ट्रेलियातून मांडली. रासायनिक पृथक्करणाच्या शास्त्रात इतकी सरळ कल्पना क्वचितच आढळते. द्रावण ज्योतीत फवारावयाचे; जस्ताच्या दिव्यातून निघालेला 213.9 नॅनोमीटर लांबीचा प्रकाश ज्योतीतील जस्ताचेच अणू शोषतात. शोषण किती झाले यावरून प्रमाण ठरवावयाचे. पुढे या उपकरणास नमुन्यांचे फिरते तबक व संगणक यांची जोड मिळाली. नलिका तबकात ठेवल्या की पुढील मोजणी व आकडे छापणे उपकरण आपण होऊन करते. माणसाच्या कंटाळ्यातून होणाऱ्या चुका त्यामुळे टळल्या, हे निःसंशय. आमची तक्रार उपकरणाविषयी नाही. त्याने छापलेल्या दुसऱ्या दशांशस्थानावर ठेवल्या जाणाऱ्या विश्वासाविषयी आहे.

शिरूर अनंतपाळ तालुक्याचे उदाहरण घेऊ. काळ्या पाषाणापासून झालेली ही भूमी. सखल भागात भारी, चढावर हलकी व मुरमाड. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पिकास जस्त सहजी मिळत नाही, म्हणून त्याची मोजणी महत्त्वाची. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत प्रारंभी कोरडवाहू क्षेत्रासाठी 10 हेक्टरांस एक नमुना, असा नियम होता. वरच्या 15 सेंटिमीटर थराचे वजन हेक्टरी सुमारे 20 लाख किलो धरल्यास 10 हेक्टरांची माती 2 कोटी किलो होते. डीटीपीए पद्धतीत यांपैकी 10 ग्रॅम माती 20 मिलिलिटर द्रावणात दोन तास हलवितात. म्हणजे 200 कोटी भागांतील एक भाग तपासला जातो! त्यात चढावरची माती किती आणि सखलातील किती, हे उपकरणास कसे कळावे?

शिवाय लिंडसे व नॉरवेल यांची ही पद्धती समतोल गाठेपर्यंत चालविलीच जात नाही. दोन तास हा संकेत आहे. हलविण्याचा वेळ बदलला की आकडाही बदलतो. नमुना जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत गोळा केला असेल, तर बादलीचे जस्तही उपकरण तितक्याच निष्ठेने मोजते.

जस्ताची कमतरता ठरविण्यास किलोस 0.6 मिलिग्रॅम ही सीमा सामान्यतः घेतात. 0.58 आल्यास सोयाबीन किंवा तूर घेणाऱ्या शेतकऱ्यास झिंक सल्फेटचा खर्च सांगितला जातो, 0.63 आल्यास नाही. एकाच नलिकेचे वाचन तीनदा घेऊन त्यांचा मेळ दाखविणारे तक्ते विद्यार्थी मोठ्या हौसेने जोडतात. त्यांतून सिद्ध होते ते उपकरणाचे सातत्य. त्याऐवजी एकाच शेतातून दोन स्वतंत्र नमुने घ्यावेत, दोन्हींचे निष्कर्षण वेगवेगळे करावे आणि त्यांतील अंतर छापावे. ते 0.2 निघाले, तर 0.58 आणि 0.63 यांत भेद करण्याचा अधिकार त्या प्रबंधास उरत नाही.