सोवळे, ओवळे आणि इंग्रजी पर्याय : ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

प्रस्तावना

इंग्रजीच्या अध्यापनात समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांच्या याद्यांना मोठे स्थान आहे. शब्दसंग्रह वाढविण्यास त्या उपयोगी पडतात, हे मान्य करावे लागेल. मात्र यादीतील शब्द वाक्याबाहेर उभे असतात. त्यांतील कोणता निवडावा, हे यादी सांगत नाही. साध्या, घरगुती शब्दांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. लक्ष्मीबाई टिळक यांचे १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेले ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आणि त्याची इंग्रजी रूपांतरे यांच्या आधारे या निवडीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक व लक्ष्मीबाई यांच्या आयुष्याचा मोठा काळ नगर व राहुरी येथे गेला. त्यामुळे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अध्यापकांना या ग्रंथाचे सामाजिक पर्यावरण परिचयाचे आहे.

शीर्षकांतील निवड

या ग्रंथाचे ई. जोसेफाइन इंक्स्टर यांनी केलेले भाषांतर १९५० मध्ये ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने प्रसिद्ध झाले. लुई मेनेझिस यांनी २००७ मध्ये ‘स्केचेस फ्रॉम मेमरी’ हे शीर्षक स्वीकारले. शांता गोखले यांनी २०१७ मध्ये मूळ नाव कायम ठेवून त्याला ‘द मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ’ असे उपशीर्षक जोडले. ‘चित्र’ या शब्दाला इंग्रजीत ‘पिक्चर’, ‘पोर्ट्रेट’, ‘स्केच’ असे पर्याय आहेत. त्यांतील ‘स्केच’ मोजक्या रेषांत उभ्या राहणाऱ्या चित्राचा बोध करतो आणि लक्ष्मीबाईंच्या प्रसंगकथनाला तो शोभतो.

उरलेल्या दोन शीर्षकांची तुलना अधिक बोलकी आहे. एकात ती स्त्री मागोमाग जाणारी आहे, दुसऱ्यात ती तेजस्वी व बाणेदार आहे. एकाच व्यक्तीसाठी जवळजवळ विरुद्धार्थी शब्द वापरले गेले. तथापि ‘फॉलो’ या शब्दाला ‘अनुसरणे’ आणि ‘पाठपुरावा करणे’ असे दोन पदर आहेत. १६११ च्या इंग्रजी बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्रात हाच शब्दप्रयोग ध्येयाच्या पाठपुराव्याच्या अर्थाने येतो. तो संदर्भ ठाऊक असलेल्या वाचकाला शीर्षकात साधना दिसेल; इतरांना केवळ पतिअनुसरण दिसेल. पर्याय शब्दशः अचूक असूनही वाचकागणिक त्याचा अर्थ पालटतो, तो असा.

सोवळे–ओवळे

खरी कसोटी लागते ती ‘सोवळे–ओवळे’ या जोडीपाशी. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे टोकाचे सोवळे हा ग्रंथाच्या आरंभीच्या भागातील महत्त्वाचा विषय आहे. या जोडीसाठी ‘क्लीन–डर्टी’ हा पर्याय टिकत नाही. नित्य न धुतलेला रेशमी मुकटा सोवळ्याचा ठरतो. धुऊन वाळत घातलेले सुती धोतर मात्र कोणी शिवले की ओवळे होते. तेथे स्वच्छतेचा प्रश्नच नसतो.

‘प्युअर–इम्प्युअर’ ही जोडी अधिक जवळची खरी. परंतु तिच्यातील दुसरा शब्द अडचणीचा आहे. घरात वावरताना माणूस बहुतेक वेळ ओवळाच असतो. पूजेला किंवा स्वयंपाकाला बसताना तो सोवळ्यात येतो आणि पुन्हा ओवळ्यात जातो. ही नित्याची अवस्था आहे, दोष नव्हे. ‘इम्प्युअर’ मात्र दोषारोप करतो. उलटपक्षी जातीच्या स्पर्शाने होणारा ‘विटाळ’ हा दुसऱ्या माणसाचा उघड अवमान आहे. तेथे ‘पोल्यूटिंग’ यांसारखा कठोर शब्दच हवा. सौम्य पर्याय निवडणे म्हणजे त्या अन्यायावर पांघरूण घालणे होय. ओवळे व विटाळ या दोहोंसाठी एकच इंग्रजी शब्द वापरल्यास घरगुती शिस्त आणि सामाजिक अन्याय यांतील भेद पुसला जातो.

याचा परिणाम ग्रंथाच्या गाभ्यावर होतो. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे त्यांच्यासोबत राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे सांभाळले आणि नंतर विचारपूर्वक सोडले. सोवळे म्हणजे ‘क्लीन’ असे मानले, तर हा त्याग अस्वच्छतेकडे जाणे ठरेल. ‘प्युअर’ मानले, तर अधःपतन ठरेल. वास्तविक तो माणसामाणसांतील भिंत ओलांडण्याचा निर्णय आहे. विरुद्धार्थी शब्द चुकला की निर्णयाची दिशाच उलटते.

व्यवहारातील पडताळा

ही अडचण केवळ धार्मिक शब्दांपुरती नाही. जिल्ह्यात नित्य कानी पडणारी ‘जिरायत–बागायत’ ही जोडी पाहावी. ‘जिरायत’साठी ‘ड्राय’ हा शब्द रूढ आहे आणि यादीप्रमाणे त्याचा विरुद्धार्थी ‘वेट’. पारनेर वा जामखेडच्या माळरानाला ‘ड्राय’ एकवेळ चालेल. परंतु अकोले तालुक्यातील डोंगरउतारावरची नाचणी-वरईची जमीन पावसाळाभर चिंब असते, तरीही विहिरीचे वा कालव्याचे पाणी नसल्याने ती जिरायतच. म्हणून येथे ‘रेनफेड–इरिगेटेड’ ही जोडी योग्य ठरते. मराठी शब्दांतील विरोध जमिनीच्या ओलाव्याचा नसून पाणी कोठून येते याचा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून अध्यापनासाठी एक क्रम सुचतो. इंग्रजी पर्याय शोधण्यापूर्वी मराठी शब्दाचा विरोधी शब्द कोणता, हे ठरवावे. त्या दोहोंत विरोध नेमका कशाचा आहे, हे पाहावे. जोडीतील कोणता शब्द नित्याची अवस्था सांगतो आणि कोणता दोष देतो, हे तपासावे. त्यानंतरच कोशाकडे वळावे. याद्या टाकून देण्याचे कारण नाही. त्यांना वाक्याची जोड हवी. ‘सोवळे’ या शब्दाला एकच प्रतिशब्द पाठ केलेला विद्यार्थी परीक्षेतील गुण मिळवील. परंतु लक्ष्मीबाईंनी काय सोडले आणि का सोडले, हे इंग्रजी वाचकाला सांगताना तोच शब्द त्याची दिशाभूल करील.