कार्योत्तर मंजुरी आणि कंपनीचा विधिसल्लागार : ‘वनशक्ती’ प्रकरणातील दोन निकालांचे परीक्षण

पर्यावरणविषयक न्यायनिर्णयांची चर्चा आपल्याकडे बहुधा निसर्ग आणि उद्योग यांच्या झगड्याच्या परिभाषेत होते. कंपनीचा पगारी विधिसल्लागार या चर्चेत कोठेच दिसत नाही. वस्तुतः कायदा कारखान्याच्या दारात प्रथम पोहोचतो तो याच्याच मुखाने. प्रदूषण नियंत्रण मंडळ, हरित न्यायाधिकरण आणि न्यायालय पुष्कळ मागाहून येतात. मुंबईच्या ‘वनशक्ती’ या संस्थेने चालविलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी एक निकाल दिला आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी तो परत घेतला. या दोन्ही निकालांकडे त्या विधिसल्लागाराच्या मेजावरून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ याखाली १९९४ साली, व पुढे १४ सप्टेंबर २००६ रोजी, निघालेल्या अधिसूचनांनी ठराविक प्रकल्पांस पर्यावरणीय पूर्वमंजुरी आवश्यक ठरविली. त्यांतील सारे मर्म ‘पूर्व’ या शब्दात आहे. छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरविणे, जनसुनावणी आणि तज्ज्ञ समितीचे मूल्यमापन या पायऱ्यांना अर्थ आहे तो प्रकल्प कागदावर असेपर्यंतच. धुराडे उभे राहिल्यावर भरविलेल्या जनसुनावणीत गावकऱ्याने सांगावे तरी काय? तथापि १४ मार्च २०१७ च्या अधिसूचनेने मंजुरीवाचून काम सुरू केलेल्यांस सहा महिन्यांची सवलत दिली, आणि ७ जुलै २०२१ च्या कार्यालयीन ज्ञापनाने त्या सवलतीची नित्याची कार्यपद्धती बनविली.

या ज्ञापनातील दर विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावेत. मुळातच अनुज्ञेय नसलेला प्रकल्प पाडावयाचा, हे योग्यच आहे. अनुज्ञेय प्रकल्पाने मात्र, उत्पादन सुरू झाले नसल्यास, तोवर झालेल्या प्रकल्पखर्चाच्या एक टक्का रक्कम भरावयाची. उत्पादन सुरू झाले असल्यास त्याशिवाय उल्लंघनकाळातील उलाढालीच्या पाव टक्का. उल्लंघन आपण होऊन कळविल्यास हे दर निम्मे. आता शंभर कोटी रुपयांचा, दहा टक्के व्याजाच्या कर्जावर उभारावयाचा एक प्रकल्प कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. कर्ज उचलले गेले असेल तर मंजुरीसाठी वर्षभर थांबण्याचे मोल दहा कोटी. न थांबण्याचे मोल एक कोटी, आणि आपण होऊन कबुली दिल्यास अर्धा कोटी. हानी भरून काढण्याचा खर्च याखेरीज असतो हे खरे, परंतु तो आज हिशेबात दिसत नाही. १९८६ च्या अधिनियमातील पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूदही २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने काढून टाकली; तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांची शास्ती आली.

अशा स्थितीत विधिसल्लागार संचालकांसमोर ‘थांबा’ हा शब्द कोणत्या आधारावर उच्चारणार? ‘हे करता येत नाही’ असे म्हणण्याची सोय होती तोवर त्याच्या मताला वजन होते. ‘हे करता येते, फक्त इतके पडेल’ असे कायदाच म्हणू लागला म्हणजे त्याचे काम शेजारच्या लेखापालाकडे जाते, आणि लेखापाल ते अधिक चांगले करतो.

मे महिन्यातील निकालाचे महत्त्व मला येथे वाटते. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भूयान यांनी २०१७ ची अधिसूचना व २०२१ चे ज्ञापन दोन्ही रद्द ठरविली, आणि कार्योत्तर मंजुरीचा मार्ग पुढे कोणत्याही रूपाने आणण्यास केंद्र सरकारला मज्जाव केला. ‘कॉमन कॉज’ (२०१७) आणि ‘अलेंबिक’ (२०२०) या निकालांतील तत्त्व त्याने शेवटास नेले. ‘अलेंबिक’मध्ये तत्त्व कठोर शब्दांत सांगूनही अंकलेश्वरच्या तीन कारखान्यांकडून प्रत्येकी दहा कोटी रुपये घेऊन ते चालू ठेवण्यात आले होते, हे विसरता येत नाही. मे २०२५ च्या निकालानेही तोवर दिलेल्या कार्योत्तर मंजुऱ्या अबाधित ठेवल्या. ज्यांची मंजुरी निकालापूर्वी हाती पडली ते सुटले, ज्यांचा अर्ज पडून राहिला ते अडकले. या उणिवेवर पुढे बोट ठेवले गेले, यात नवल नाही.

बांधकाम व्यावसायिकांच्या ‘क्रेडाई’ या संघटनेच्या पुनर्विलोकन अर्जावर तिघा न्यायमूर्तींनी विचार केला. सरन्यायाधीश भूषण गवई व न्यायमूर्ती विनोद चंद्रन यांनी निकाल परत घेतला. न्यायमूर्ती भूयान यांनी भिन्नमत नोंदविले. ‘डी. स्वामी’ (२०२२) सारखे समबल पीठांचे निकाल मे महिन्यात लक्षात घेतले गेले नाहीत, हे बहुमताचे एक कारण. ते निकालच आधीच्या तत्त्वापासून ढळलेले आहेत, हे भूयान यांचे उत्तर. पूर्वनिर्णयांच्या बंधनाचा हा वाद मी येथे सोडून देतो. अधिक विचारणीय आहे ते बहुमताचे दुसरे कारण : सुमारे वीस हजार कोटी रुपयांची सार्वजनिक कामे, त्यांत ओडिशातील ९६२ खाटांचे रुग्णालय, पाडावी लागतील, आणि पाडून पुन्हा बांधण्याने प्रदूषणच वाढेल. हा युक्तिवाद पोकळ नाही. उभे असलेले रुग्णालय पाडा, असे प्रस्तुत लेखकही म्हणणार नाही. परंतु तो युक्तिवाद आधीच बांधलेल्या वास्तूंपुरता आहे. उद्या पायाभरणी करणाराला त्यापासून मिळणारा बोध वेगळाच आहे. जितके मोठे बांधाल तितके पाडणे अवघड, असा तो बोध होय. भूयान यांच्या भिन्नमतात हे भान आहे. ‘प्रदूषकाने भरावे’ हे तत्त्व सावधगिरीच्या तत्त्वाची जागा घेऊ शकत नाही, या त्यांच्या भूमिकेत माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे सार आले आहे.

विधिसल्लागाराची अडचण येथेच संपत नाही. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरणाऱ्या वकिलाला वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा ४९ वा नियम आहे. याच आधारावर ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चे गोपनीयतेचे संरक्षण अशा सल्लागारास मिळणार नाही. वकील पक्षकाराच्या पगारावर अवलंबून असेल तर तो स्वतंत्र कसा, हा न्यायालयाचा तर्क सुसंगत आहे. परिणाम मात्र विचित्र होतो. ‘मंजुरीवाचून पाया खणू नये’ असे टिपण लेखी देणारा सल्लागार कंपनीविरुद्धचा पुरावा तयार करीत असतो, आणि हे कंपनीला ठाऊक असते. सल्ला मग तोंडी होतो, मोघम होतो. कित्येकदा विचारलाच जात नाही.

मूळ प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी ठेवण्याचा आदेश बहुमताने दिला. त्या सुनावणीत रुग्णालयाचे व विमानतळाचे दाखले पुन्हा पुढे येतील. पण ज्या प्रकल्पाची एक वीटही रचलेली नाही त्याच्या मालकाला त्याच्या सल्लागाराने काय सांगावे, या प्रश्नाचे उत्तर दोहोंपैकी एकाच निकालात सापडते, आणि तो निकाल परत घेतला गेला आहे.