चौदाव्या जागेवरची टोपी

मालवणात रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल आगळात (त्याच्याच खारवलेल्या रसात) बुडवून उन्हात घालतात, वाळली की पुन्हा बुडवतात. अशा पुटांनी सोलं काळी, मऊ, आंबट होतात. आंबटपणा आणि तांबडा रंग पाण्यात सहज उतरतो. सोलकढी गुलाबी होते ती त्यानेच. पण त्याच सालीत गार्सिनॉल नावाचा पिवळा पदार्थ असतो. तो पाण्याला दाद देत नाही, त्याला अल्कोहोलसारखा द्रावक लागतो. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातले तपस कुंडू आणि त्यांचे सहकारी यांनी या पदार्थावर लिहिलेले दोन शोधनिबंध, २००४चा आणि २००७चा, एकाच कथेचे दोन भाग म्हणून वाचण्यासारखे आहेत.

पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. काही एन्झाइमं हिस्टोनला अॅसिटिल गट चिकटवतात, मग पकड सैल होऊन जनुकं वाचली जातात. पी-३०० आणि पीसीएएफ ही त्यांतली दोन. पहिल्या निबंधातलं गार्सिनॉल दोघांनाही रोखतं, तेही साधारण ७ आणि ५ मायक्रोमोलर इतक्या अल्प मात्रेत. हेला या कर्करोगाच्या पेशींत बदललेल्या जनुकांपैकी बहुतेकांचा आवाज खाली येतो, पेशी मरू लागतात. यश मोठं, पण गार्सिनॉल हा राखणदार चोर आणि पाहुणा यांत फरक करत नाही.

मला दुसरा भाग जास्त आवडतो. गार्सिनॉलचा रेणू आतल्या आत एक कडं जोडून घेतो, त्याचं आयसोगार्सिनॉल होतं. त्यात शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल आहेत. संशोधकांनी फक्त १४व्या जागेवरच्या हायड्रॉक्सिलवर मिथाइलची टोपी घातली. एवढ्याशा बदलाने एलटीके-१४ तयार झालं: ते पी-३००ला रोखतं, पीसीएएफला हात लावत नाही. गार्सिनॉल पेशींना विषारी. एलटीके-१४ने मात्र टी-पेशींना अपाय झाला नाही, उलट एचआयव्हीची वाढ मंदावली. (हे सगळं प्रयोगशाळेतल्या पेशींत. सोलकढीचे पेले रिचवून यातलं काही होणार नाही, हे व्हॉट्सअॅपवाल्यांसाठी.)

आणि सगळ्यांत देखणा तपशील निबंधात अगदी कोरडेपणाने येतो. एलटीके-१४ हे अॅसिटिल गट पुरवणारं अॅसिटिल-कोएन्झाइम-ए किंवा हिस्टोन यांच्याशी जागेसाठी भांडत नाही. ते दोघे आपापल्या ठिकाणी बसू शकतात, तरीही एन्झाइमचं काम थांबतं.